सांगलीत बसून रेसिंगचा कॉमेंटेटर होता येतं का? जरा सविस्तरच सांगतो

भावा, तुझा प्रश्न लांबलचक होता, त्यातलं कामाचं एवढंच घेतो. वय एकवीस, सांगलीत मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, एफवन (गाड्यांची) आणि मोटोजीपी (बाइकची) एक रेस न चुकवता बघतोस, कॉमेंटेटर किंवा गाड्यांच्या कार्यक्रमाचा अँकर व्हायचंय, बोलणं पक्कं सांगलीचं, इंग्लिश जेमतेम, घरी वडील म्हणतात ह्यानं पोट भरत नाही, आणि पुण्यातल्या एका अँकरिंग कोर्सला पैसे भरू का. मी साताऱ्याचा, दोन्ही प्रकारचं काम बरीच वर्षं केलंय, हिंदीत जास्त, मराठीत जमेल तेवढं. म्हणून जे बघितलंय ते सांगतो, गोड लागेलच असं नाही.

पहिलं म्हणजे तू आवाजाबद्दल लय विचारलंयस, आवाज जाड कसा करू, दम कसा वाढवू वगैरे. अरे आवाज ह्या धंद्यात सगळ्यात शेवटी लागतो. आधी रेस वाचता आली पाहिजे. चांगला आवाज असलेली पोरं प्रत्येक गॅदरिंगला दहा सापडतात, पण समोर टाइमिंग स्क्रीन, म्हणजे गाड्यांच्या वेळांचे आकडे दाखवणारा स्क्रीन, ठेवला की त्यातली नऊ गप्प होतात, नाहीतर मग चित्रात दिसतंय तेच परत सांगत बसतात. "आणि या ठिकाणी आपण पाहू शकता लाल गाडी पुढं चाललेली आहे." अरे दिसतंय की सगळ्यांना, लोक काय आंधळे आहेत का.

काम प्रत्यक्षात कसं चालतं ते आधी बघ म्हणजे पुढचं कळेल. तुला वाटत असेल कॉमेंटेटर ट्रॅकवर बसलेला असतो. मोठ्या चॅनलचे असतात, पण बाकी बहुतेक देशांचे आपापल्या स्टुडिओत काचेच्या खोलीत बसून तेच चित्र बघत बोलत असतात जे तू घरी बघतोस. एफवनचं चित्र एकच, सगळ्या जगाला तेच जातं, आणि त्याचं बरंचसं काम इंग्लंडमधल्या बिगिन हिलच्या सेंटरवरून होतं. कुठला कॅमेरा दाखवायचा हे तुझ्या हातात नसतं. तुझ्या कानात तुझा प्रोड्युसर असतो, तो मध्येच सांगतो की वीस सेकंदात ब्रेक, पाच, चार, तीन... आणि त्याच वेळी तुझं वाक्य चालू असतं, ते त्याच्या शून्याला संपलं पाहिजे, अर्धवट तुटता कामा नये. शेजारी तुझा जोडीदार, बहुतेक वेळा माजी ड्रायव्हर, त्याला बोलायचंय हे त्याच्या हातावरून कळतं. समोर चित्राचा एक स्क्रीन आणि टाइमिंगचा दुसरा.

ह्या दुसऱ्या स्क्रीनवर खरी रेस असते. जांभळा आकडा म्हणजे त्या सेक्टरमधली (ट्रॅकचे तीन भाग करतात, त्यातल्या एका भागातली) आत्तापर्यंतची सगळ्यात फास्ट वेळ, हिरवा म्हणजे त्या ड्रायव्हरची स्वतःची बेस्ट, पिवळा म्हणजे त्यापेक्षा हळू. आता समज पुढच्याला ४.२ सेकंदांची आघाडी आहे, मागचा लॅपला, म्हणजे प्रत्येक फेरीला, ०.४ नं जवळ येतोय आणि ९ लॅप उरलेत. चित्रात बघणारा म्हणणार आला आला, गाठणार बघ. तू डोक्यात गुणाकार करायचा, ०.४ गुणिले ९ म्हणजे ३.६, म्हणजे ह्या स्पीडनं शेवटी ०.६ कमी पडणार. मग तू बघतोस की पुढच्याच्या समोर दोन हळू गाड्या आहेत ज्यांना त्याला एक अख्खी फेरी मागं टाकायचंय, त्यांना निळा झेंडा दिसणार, त्या बाजूला होईपर्यंत पुढच्याचा अर्धा-पाऊण सेकंद जाऊ शकतो. आता तुझ्याकडे सांगायला गोष्ट आहे. "नुसत्या स्पीडवर गाठणार नाही, पण त्या दोन गाड्या आडव्या आल्या तर गाठेल." एवढं एक वाक्य बोललास की पुढचे तीन लॅप घरातला माणूस त्या दोन हळू गाड्यांकडे डोळे लावून बसतो, ज्यांच्याकडे त्यानं ढुंकून बघितलं नसतं. माझ्या मते कॉमेंट्री म्हणजे एवढंच.

मरे वॉकर नाव ऐकलं असशील. बीबीसीवर आणि नंतर आयटीव्हीवर २००१ पर्यंत एफवनची कॉमेंट्री करायचा, २०२१ साली गेला. तो पार ओरडायचा, आणि त्याच्या जोडीला १९८० ते १९९३ जेम्स हंट, १९७६ चा वर्ल्ड चॅम्पियन, जो खुर्चीत पसरून शांतपणे एखाद्या ड्रायव्हरची सालटी काढायचा. दोघांत बराच काळ माईक एकच असायचा, म्हणजे एकाच वेळी दोघं बोलूच शकत नव्हते. ते आठवायचं कारण, नवीन पोरं फक्त वॉकरच्या ओरडण्याची नक्कल करतात. पण १९९६ ला सुझुकाला डेमन हिल चॅम्पियन झाला तेव्हा ह्याच वॉकरनं घसा दाटून आलाय म्हणून थांबतो असं सांगितलं आणि खरंच थांबला. दिवसभर ओरडलेल्या माणसाची ती दोन क्षणांची शांतता लोकांना अजून आठवते. हल्ली तर अँकर पहिल्या लॅपलाच वरच्या पट्टीत जातो, मग शेवटच्या लॅपला जायला वर जागाच नसते.

आता तुझ्या भागाकडे येतो. तू लिहिलंयस की सांगलीत ह्यातलं काहीच नाही. हे मला पटत नाही. बैलगाडी शर्यतीचं मैदान बघितलंयस ना? मग तिथल्या निवेदकाकडं कधी नीट कान दिलायस का? सुप्रीम कोर्टानं २०१४ ला शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ ला परत परवानगी मिळाली, मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम ठेवला, आणि त्यानंतर साताऱ्या-सांगलीकडं मैदानांना नुसता ऊत आलाय. बक्षिसाला ट्रॅक्टर काय, थार काय. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं मैदान एकदा मुद्दाम जाऊन बघ, आणि बैल नाही, माईक बघ. एका गटात शेजारी शेजारी गाड्या, प्रत्येकाचा तास, म्हणजे पळायची पट्टी, वेगळा, झेंडा पडला की पळ निम्म्या मिनिटाच्या आत-बाहेर संपते. तेवढ्या वेळात तो माणूस कुठल्या तासाला कुणाची गाडी, गाव कुठलं, बैल कुठले, ड्रायव्हर कोण हे न अडखळता सांगतो, मध्ये कुणी तास सोडून शेजारच्याच्या अंगावर गेला ते सांगतो, आणि निकाल पंचांचा येईपर्यंत जिंकला कोण हे स्वतःच्या तोंडानं ठरवत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे बरं का. घोळका अंगावर येतो, "सांग की रं आमचीच पुढं हुती" म्हणून ओरडत असतो, तरी तो पंचांच्या चिठ्ठीशिवाय गट पास झाल्याचं बोलत नाही. इथं जो टिकला त्याला फोटो फिनिश म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि ही मैदानं आता यूट्यूबवर लाइव्ह असतात, ड्रोन, तीन-चार कॅमेरे, स्विचर, सगळं असतं. ते काम करणारी टीम आपल्याच भागातली पोरं आहेत. त्यांच्यात घुस. सुरुवातीला वायर गुंडाळायला लावतील, गुंडाळ. कॅमेऱ्याच्या मागं काय होतं, ड्रोनचं चित्र उशिरा का पोचतं, स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टी का वाजते, हे ज्याला माहीत असतं त्याच्यावर पुढं प्रोड्युसर लवकर विश्वास टाकतो. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातले निम्मे चांगले कॉमेंटेटर आधी ग्राफिक्सला नाहीतर टाइमिंगच्या टेबलावर होते.

मोटरस्पोर्टचं म्हणशील तर तुझ्यापासून तासा-दीड तासावर कोल्हापूर आहे आणि तिथं मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या रेस गाड्यांचा, ट्रॅक आहे. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक इंग्लंडला ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत जाऊन रेस करून आला, म्हणजे ह्या पाण्यातच काहीतरी आहे. नॅशनल कार्टिंगच्या राउंडला जा, पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमा गाड्या तयार करतात त्या जागेत, उभा राहा, मेकॅनिकला विचार की टायरमध्ये हवा किती आणि का, तुझा डिप्लोमा इथं कामाला येतो. त्यापुढं कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा ट्रॅक, भारतातलं सर्किट रेसिंग बरंचसं ह्या दोन ठिकाणी चालतं. आणि एक मार्ग जो कुणी सांगत नाही, मार्शल हो. एफएमएससीआय म्हणजे आपल्याकडची मोटरस्पोर्टची संघटना, तिच्या रेसेसना झेंडे दाखवायला, गाड्या बाजूला काढायला माणसं लागतात. पैसे म्हणशील तर नाममात्र, पण दिवसभर ट्रॅकच्या कडेला उभं राहून धोक्याचा पिवळा झेंडा कधी पडतो, रेस डायरेक्टर रेडिओवर काय बोलतो, गाडी कुठल्या वळणावर का घसरते हे जे कळतं ते कुठल्याच कोर्सला कळणार नाही.

मोकळ्या माळावर होणाऱ्या डर्ट बाइक रेसचा माईक तुला सगळ्यात आधी मिळेल, कारण तिथं आयोजकाला निवेदक सापडत नसतो. मिळाला की एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की कर. बाइकवाला पडला की लोक उठून उभे राहतात आणि सगळ्यांचं तोंड तुझ्याकडं वळतं. त्या गर्दीत त्या पोराची आई असू शकते, बायको असू शकते. तू फक्त एवढंच बोलायचं की रायडर पडलाय, मार्शल पोचलेत, रेस थांबवलीय. किती लागलं, कुठं लागलं, हालचाल आहे का नाही, ह्यातलं एक अक्षर डॉक्टर सांगेपर्यंत बोलायचं नाही. "लय जोरात आपटला" हे पण नाही. मोठ्या स्टेजवर पण हाच नियम. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनला रोमां ग्रोझाँची हास गाडी बॅरियरमध्ये घुसून फुटली आणि पेटली, तेव्हा तो बाहेर आलाय हे दिसेपर्यंत त्या धडकेचा रिप्ले दाखवला गेला नाही, आणि कॉमेंटेटर तेवढा वेळ माहीत नसलेलं न बोलता काढत होते. तो वेळ भरणं सगळ्यात अवघड. मी नवीन पोरांना घेताना हेच विचारतो की अशा वेळी तू काय बोलशील, आणि जो उत्साहात वर्णन करायला लागतो त्याला चहा पाजून परत पाठवतो.

रॅलीचं थोडक्यात. तिथं गाड्या एकामागून एक वेळेच्या अंतरानं सुटतात, समोरासमोर गाठत नाहीत, सगळी गोष्ट स्टेजच्या, म्हणजे वेळ लावलेल्या रस्त्याच्या एकेका टप्प्याच्या, वेळांमध्ये असते आणि आपल्याकडं लाइव्ह कमी, हायलाइट्स जास्त. लिहिता येत असेल तर इकडं काम आहे. गौरव गिलला २०१९ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला, तो ह्याच रॅलीतला.

आता दुसरा प्रकार, गाड्यांचे कार्यक्रम. हा पूर्ण वेगळा धंदा आहे आणि स्वभाव पण वेगळा लागतो, लोक उगाच दोन्ही एकत्र मोजतात. लाइव्हला एकदा बोललास की गेलं, इथं एकच वाक्य उन्हात उभं राहून दहादा म्हणायचं. कंपनीकडून गाडी दोन-तीन दिवसांसाठी मिळते. पुण्याकडची मंडळी ती घेऊन पहाटे निघतात आणि खंबाटकी चढून वाईला, मग पसरणी घाटात पोचतात, कारण सकाळचं तिरकं ऊन तासभरच असतं आणि दुपारी बोनेटवर नुसतं आभाळ चमकतं. तेवढ्यात धावत्या गाडीचे शॉट, मग आतले, मग कॅमेऱ्याकडं बघून बोलायचं. मध्ये एसटी हॉर्न मारत येते, वाक्य परत. गाडीला चिखल लागला की पुसायचं फडकं अँकरच्याच हातात, कुणी वेगळा माणूस नसतो. कॅमेरामनला पुढच्या गाडीच्या डिकीत उघड्यावर बसवून शॉट घ्यायची पद्धत अजून दिसते, तसं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हण, गाडीला कॅमेरा चिकटवायचे सक्शन माउंट मिळतात आता.

इथं मराठीत जागा आहे असं मला मनापासून वाटतं. सगळे शून्य ते शंभर किती सेकंदात हेच सांगतात. आष्ट्याचा माणूस शून्य ते शंभर कुठं करणार आहे? त्याला जे पाहिजे ते असं. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू, रात्री इस्लामपूर-आष्टा-सांगली रोडला उसाच्या ट्रॉल्या, दोन दोन जोडलेल्या, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर धुळीनं झाकलेला, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला. त्या रस्त्यावर ह्या गाडीच्या हेडलाइटमध्ये, तेही लो बीमवर, ती ट्रॉली किती अंतरावरून दिसते? समोरून ट्रकचा हाय बीम डोळ्यावर असताना? हे कुणी मोजून दाखवलं तर मी स्वतः तो कार्यक्रम बघीन. पाच माणसं आणि मागं दोन पोती टाकल्यावर गावातल्या स्पीडब्रेकरला खाली घासते का, चढावर एसी चालू ठेवून तिसऱ्यात ओढते का दुसरा टाकावा लागतो, ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजून किती, डॅशबोर्डवरचा आकडा नाही. भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून सुरक्षा तपासतात त्या चाचणीचे, स्टार ऑक्टोबर २०२३ पासून चालू झालेत, ते मोठ्यांचे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात, आणि कुठल्या व्हेरियंटला मिळालेत ते रिपोर्टमध्ये बघावं लागतं. जाहिरातीत नुसते पाच स्टार असतात, रिपोर्ट उघडून वाचणारा अँकर क्वचितच.

आणि पैशाची बाजू. कंपनी विमानानं नेते, चांगल्या हॉटेलात ठेवते, गाडी हातात देते, आणि मग घरी येऊन त्याच गाडीला नावं ठेवायची वेळ येते. जड जातं. पेड व्हिडिओ करणार असशील तर तो पेड आहे हे स्पष्ट लिही, एएससीआय ह्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या इन्फ्लुएन्सर नियमांत ते सांगितलंयच. एकदा का गावात बोललं गेलं की हा पैसे घेऊन बोलतो, की मग तुझा खरा रिव्ह्यू पण कुणी खरा मानत नाही. मला एका कार्यक्रमात ब्रेकबद्दलचं वाक्य काढायला लावलं होतं, मी काढलं नाही, पुढच्या सीझनला मला बोलावलं नाही. असंही होतं. नाव सांगत नाही.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नको, त्यांचं अर्धं बरोबर आहे. हे बघ, एफवनची इंडियन ग्रँड प्री २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर आली, तिन्ही वर्षं सेबॅस्टियन फेटेल जिंकला आणि २०१३ नंतर रेसच बंद. फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची रेस, फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला झाली, २०२४ ची रद्द. मोटोजीपी सप्टेंबर २०२३ ला त्याच बुद्ध सर्किटवर झाली, पुढच्या वर्षी नाही. एफवन टीव्हीवर स्टार स्पोर्ट्सकडं होतं, ते २०२२ नंतर गेलं, २०२४ ला फॅनकोड ह्या ॲपकडं आलं. दाखवायचे हक्क इकडून तिकडं गेले की कॉमेंट्रीची अख्खी टीम एका मेलवर मोकळी. पगार नाही, दिवसावर फी, आणि ती हातात यायला दोन-तीन महिने, कधी जास्त. म्हणून एकाच रेसच्या भरवशावर बसायचं नाही. मी स्वतः रेस नसते तेव्हा ट्रॅक्टर लाँचचे कार्यक्रम केलेत, कबड्डी केलीय, डीलरच्या ट्रेनिंगचे व्हिडिओ केलेत, त्यात कमीपणा काही नाही. काम घेताना फी, प्रवास, राहणं आणि पैसे किती दिवसांत हे मेलवर लिहून घे, फोनवरचं "बघतो की" धरायचं नाही. डिप्लोमा तर पुरा करच, गाड्यांच्या कार्यक्रमात इंजिन कळणारा माणूस दुर्मिळ आहे.

भाषेचं टेन्शन घेऊ नको. सांगलीचा हेल तसाच राहू दे, तो काढायला गेलास की ना इकडचा ना तिकडचा होशील. पण हिंदी स्वच्छ पाहिजे, कारण खायला देणारं काम हिंदीत आहे. आणि इंग्लिश बोलायला कमी आलं तरी चालेल, वाचायला आलंच पाहिजे, एफआयए ह्या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचे नियम इंग्लिशमध्येच असतात. २०२६ पासून तर पार सगळं बदललंय, २०११ पासूनचं डीआरएस, म्हणजे मागचा पंख उघडून ओव्हरटेकला मदत करणारं, गेलं, पुढचे-मागचे दोन्ही पंख हलणारे आले, पॉवरमधला जवळपास निम्मा वाटा इलेक्ट्रिकचा. जुन्या कॉमेंटेटरांना पण पहिलीपासून पाटी घ्यावी लागली, म्हणजे तुझ्यात आणि त्यांच्यात एरवी असतं तेवढं अंतर सध्या नाही, फायदा घे.

सराव कसा करायचा तेवढं सांगतो. रेसचा आवाज बंद कर, फोनवर लाइव्ह टाइमिंग लाव, आणि दहा मिनिटं बोलून रेकॉर्ड कर. लगेच ऐकू नको, दुसऱ्या दिवशी ऐक, चित्र न बघता. ऐकताना रेस डोळ्यासमोर येते का बघ आणि "या ठिकाणी" किती वेळा आलं ते मोज, मराठी निवेदकांचा हा जुना आजार आहे, लग्नाच्या हॉलपासून स्टेडियमपर्यंत. ड्रायव्हरांची नावं आधी त्यांच्याच तोंडून ऐकून कागदावर देवनागरीत लिहून ठेव, बेत्सेक्की, क्वार्तारारो, लक्लेर, हवेवर अडखळायची नावं हीच.

कोर्सला पैसे भरू नको. ते बहुतेक स्टेजवर कसं उभं राहायचं ते शिकवतात, तुला ते गणपतीत मंडळाच्या माईकवर पण शिकता येतं. त्या पैशातला थोडा भाग चांगल्या कॉलर माईकवर घाल, थोडा कोल्हापूरच्या आणि कोइम्बतूरच्या फेऱ्यांवर. आणि कार्टिंगला जाशील तेव्हा कानात घालायचे प्लग आठवणीनं ने, टू-स्ट्रोक कार्टजवळ दिवसभर उभा राहिलास तर संध्याकाळी स्वतःचं रेकॉर्डिंग पण नीट ऐकू येत नाही.